पूर गावात कधी शिरणार? संगणकाचं गणित कसं चालतं आणि ‘आपल्या दाराचा फूट’ कसा काढायचा

जुलै उजाडला की पंचगंगा आणि कृष्णाकाठच्या गावांत फोनवर दोनच प्रश्न असतात. ‘राजारामला किती झालं?’ आणि ‘आयर्विनला किती?’ कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ हेच आकडे ४० आणि ४५ फूट आहेत. हे चार आकडे नदीकाठच्या पोराटोरांनाही पाठ असतात.

त्यांच्या जोडीला आता आणखी एक आकडा मोबाईलवर येऊ लागला आहे. उद्या किंवा परवा पाणी कुठवर जाईल, याचा अंदाज. हा अंदाज संगणकावर तयार होतो. त्यामागचं गणित काय, ते कुठं बरोबर येतं, कुठं चुकतं आणि त्याचा उपयोग करून घर कधी सोडायचं हे कसं ठरवायचं, याची माहिती या लेखात दिली आहे.

थोडक्यात

- पुराचं मॉडेल तीन प्रश्नांची उत्तरं काढतं: पावसातलं किती पाणी नदीत येईल, नदीत ते किती उंच चढेल आणि काठावर कुठवर पसरेल.
- अंदाज मापन केंद्राचा असतो, तुमच्या दाराचा नसतो. राजाराम किंवा आयर्विनच्या आकड्यावरून आपला आकडा आपणच काढावा लागतो.
- घर बुडण्याआधी रस्ता बुडतो. म्हणून बाहेर पडायची वेळ रस्त्याच्या उंचीवरून ठरवायची.

खूण जुनी, पाणी नवं

२००५ च्या महापुरात भिंतीवर जिथवर पाणी आलं, ती खूण अनेक घरांनी जपून ठेवली होती. ‘पंच्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यानंबी यापेक्षा जास्त पाणी बघितलं न्हाई’ असं त्या खुणेबद्दल बोललं जायचं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी चढू लागलं, तेव्हा कित्येक कुटुंबं त्याच भरवशावर घरात थांबली. सांगलीत २००५ ला पाणी ५४ फुटांच्या आत राहिलं होतं. २०१९ ला ते ५७ फुटांच्या वर गेलं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट ओलांडले. त्यानंतर दोनच वर्षांत, जुलै २०२१ मध्ये, राजारामची पातळी ५६ फुटांच्या वर गेली.

८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि अनेकांचे जीव गेले. रस्ते आधीच बंद झाले होते. बोटीशिवाय बाहेर पडायला वाट उरली नव्हती. जुनी खूण काय घडून गेलं तेवढंच सांगते. पुढं काय येऊ शकतं, हे सांगायला वेगळं साधन लागतं आणि संगणकाचं मॉडेल हे त्यातलं एक आहे.

मॉडेल म्हणजे काय?

उसाला दारं धरणाऱ्याला हे गणित अर्धं येतंच. पाटात वरून पाणी किती सोडलं, पाटाला उतार किती, गवत किती माजलंय आणि खालची सरी भरलीय की कोरडी आहे, यावरून पाणी टोकाला कधी पोचेल ते तो न मोजता सांगतो. पुराचं मॉडेल हाच हिशेब नदीसाठी मांडतं. फरक एवढाच की त्यात शेकडो ओढे, अनेक धरणं आणि हजारो एकर रान असतं. शिवाय हिशेब दर काही मिनिटांनी नव्यानं करावा लागतो.

सगळ्या मॉडेलांच्या मुळाशी एक साधा नियम असतो. एखाद्या तुकड्यात आलेलं पाणी वजा तिथून गेलेलं पाणी, म्हणजे तिथं साठलेलं पाणी. साठा वाढला की पातळी चढते. नदीचे असे शेकडो तुकडे पाडून प्रत्येकाचा जमाखर्च शेजारच्या तुकड्याशी जुळवायचा, हे संगणकाचं काम.

पहिला टप्पा: पडलेला पाऊस आणि वाहिलेलं पाणी

एक चौरस किलोमीटर जमिनीवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० लाख लिटर पाणी. आता १०० चौरस किलोमीटरच्या डोंगराळ भागात एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला असं धरू. ते पाणी होतं १,००० कोटी लिटर, म्हणजे सुमारे ०.३५ टीएमसी. सगळंच्या सगळं दिवसभरात वाहून आलं, तर नदीत सरासरी ४,१०० क्युसेकच्या आसपास भर पडते. जमिनीनं निम्मं पिऊन घेतलं, तर भरही निम्मीच.

जमीन किती पिणार, हाच या टप्प्यातला कळीचा प्रश्न. जूनच्या पहिल्या आठवड्यात भेगाळलेली जमीन बरंच पाणी ओढून घेते. जुलैच्या शेवटी तीच जमीन ओलीगच्च झालेली असते आणि पडलेला थेंब सरळ ओढ्याला लागतो. म्हणून ‘मागच्या महिन्यात एवढाच पाऊस झाला, तेव्हा काय झालं न्हाई’ हा हिशेब फसतो. मॉडेलमध्ये आजच्या पावसासोबत मागच्या काही दिवसांचा पाऊसही धरलेला असतो.

पाऊस कुठं पडला, हेही तितकंच महत्त्वाचं. गगनबावड्यात जेवढा पाऊस पडतो, त्याचा काही अंशच शिरोळ तालुक्यात पडतो. तरीही महापुरात शिरोळची गावं बुडतात, कारण तिथला पूर तिथल्या पावसाचा नसतोच. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावतीचं पाणी पंचगंगेतून येतं. कोयना आणि वारणेचं पाणी घेऊन कृष्णा येते. नृसिंहवाडीच्या संगमावर हे सगळं एकत्र होतं. शिरोळच्या माणसानं आभाळाकडं बघून पुराचा अंदाज केला, तर तो चुकणारच. त्यानं घाटमाथ्याचा पाऊस बघायला हवा.

दुसरा टप्पा: नदीत पाणी किती चढेल?

नदीत किती पाणी आलं ते कळलं, तरी पातळी लगेच कळत नाही. त्यासाठी नदीचा आकार माहीत असावा लागतो. नदीचे ठरावीक अंतरावर आडवे छेद मोजले जातात. पात्र किती रुंद, किती खोल, गाळ किती साचलाय, काठ किती उंच, हे सगळं त्यात येतं. दोन छेदांमधला उतारही लागतो.

वाहत्या पाण्याची समीकरणं जुनीच आहेत. फ्रान्सच्या सेंट-व्हेनंट यांनी १८७१ मध्ये उथळ वाहत्या पाण्याची समीकरणं मांडली. आयर्लंडचे अभियंते रॉबर्ट मॅनिंग यांनी १८८९ मध्ये वेगाचं सूत्र मांडलं. आजची बहुतेक मॉडेलं याच पायावर उभी आहेत. तेव्हा हाताने सोडवता न येणारी आकडेमोड आता संगणक करतो, एवढाच बदल झाला.

मॅनिंगच्या सूत्रात ‘खडबडीतपणा’ नावाचा एक आकडा असतो. स्वच्छ, सरळ पात्रात तो साधारण ०.०३ धरतात. झाडंझुडपं, दाट पीक, पडका बांध किंवा राडारोडा असेल, तर तो वाढतो. हा आकडा दुप्पट झाला आणि बाकी सगळं तेच राहिलं, तर तेवढंच पाणी वाहून नेण्यासाठी रुंद पात्रात खोली साधारण दीडपट लागते. म्हणजे पाणी तेवढंच, पण पातळी वर. नदीकाठची अतिक्रमणं आणि पात्रात टाकलेला भराव पुराच्या चर्चेत वारंवार येतात, ते यामुळेच.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचंही तसंच. पावसाळ्याआधी बरगे काढले की पाण्याला वाट मोकळी होते. बरगे राहिले किंवा त्यात लाकूडफाटा अडकला, तर तिथं पाणी तटतं. मॉडेलमध्ये बंधारा उघडा धरलाय की बंद, यावर त्याच्या वरच्या गावांचा आकडा बदलतो.

तिसरा टप्पा: काठ सोडल्यावर पाणी कुठं जाईल?

नदी पात्रात असते, तोवर तिचा हिशेब एका रेषेत चालतो. ती पात्राबाहेर पडली की पाणी चारी बाजूंना पसरतं. आधी मळीच्या रानात, मग ओढ्याच्या तोंडातून उलटं आत, मग गावठाणाच्या मागच्या बाजूनं. ‘नदी समोर, आणि पाणी आलं मागनं’ हा अनेक गावांचा अनुभव आहे. यासाठी जमिनीचे छोटे छोटे चौकोन पाडून प्रत्येकाची उंची संगणकाला द्यावी लागते.

ही उंची मोठ्या भागासाठी अनेकदा उपग्रहाच्या किंवा अवकाशयानाच्या मोजणीतून घेतात. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अवकाशयानानं ११ दिवसांत रडारनं जगाच्या बहुतेक भूभागाची उंची मोजली. ते नकाशे आजही वापरात आहेत. पण अशा नकाशात झाडांचे शेंडे आणि घरांची छपरंही उंचीत मिसळतात आणि चूक काही मीटरची असू शकते. विमानातून लेझर किरणांनी केलेली मोजणी खूपच अचूक असते, पण ती महाग पडते.

सपाट रानात ही चूक फार महागात जाते. समजा नदीपासून दूर जाताना जमीन दर ५०० फुटांना फक्त १ फूट चढते. तिथं पाण्याच्या पातळीचा अंदाज एका फुटानं चुकला, तर पाण्याची कड ५०० फूट पुढं किंवा मागं सरकते. तेवढ्यात एक अख्खी गल्ली येते. कोल्हापूर-सांगलीच्या खालच्या अंगाला जमीन अशीच सपाट आहे.

रस्त्याचा भराव हाही या टप्प्यातला मोठा घटक. भराव उंच असेल आणि त्याखालच्या मोऱ्या अपुऱ्या असतील, तर रस्ता आडव्या बांधासारखं काम करतो. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पुणे-बंगळूर महामार्ग शिरोली भागात पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. नव्या रस्त्याचा किंवा पुलाचा आराखडा करताना आधी मॉडेलवर पूर सोडून बघता येतो. मोऱ्या वाढवल्या तर वरच्या गावाची पातळी किती उतरते, हे बांधकामाआधी कळतं.

धरणाचा विसर्ग: क्युसेक आणि टीएमसीचा मेळ

बातम्यांत विसर्ग क्युसेकमध्ये येतो आणि साठा टीएमसीमध्ये. दोन्ही एकत्र कसे वाचायचे?

- १ क्युसेक म्हणजे सेकंदाला १ घनफूट, म्हणजे सुमारे २८.३ लिटर पाणी.
- १ टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट पाणी.
- ११,५७४ क्युसेकनं अखंड २४ तास पाणी सोडलं, की १ टीएमसी होतं.

कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. तिथून ५०,००० क्युसेकनं दिवसभर पाणी सोडलं, तरी साठा जेमतेम ४.३ टीएमसीनं कमी होतो, तोही नवीन पाणी आलंच नाही तर. १० टीएमसीची जागा रिकामी करायची, तर त्या वेगानं दोन दिवसांहून जास्त वेळ लागतो. म्हणून ‘पाऊस यायच्या आधी धरण रिकामं का केलं नाही?’ या प्रश्नाचं उत्तर अंदाज किती दिवस आधी मिळाला, यावर अवलंबून असतं. आणि अंदाज धरून पाणी सोडलं, पण पाऊस आलाच नाही, तर उन्हाळ्यात शेतीला आणि विजेला पाणी कमी पडतं. मॉडेल हे दोन्ही धोके आकड्यांत समोर ठेवतं. निर्णय मात्र माणसानंच घ्यायचा असतो.

राधानगरीचं गणित थोडं वेगळं. तिथले सात स्वयंचलित दरवाजे तलाव भरला की आपोआप उघडतात. प्रत्येक दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी बाहेर पडतं. सातही उघडले तर जवळपास १०,००० क्युसेक. ‘राधानगरीचे चार दरवाजे उघडले’ ही बातमी आली की पंचगंगाकाठ सावध होतो, तो याच हिशेबानं. ते पाणी कोल्हापूरला पोचायला काही तास लागतात. मॉडेल हा प्रवासाचा वेळ धरतं आणि कुंभी-कासारीचं पाणीही त्याच वेळी पोचतंय का, ते बघतं. दोन नद्यांचे फुगीर लोंढे एकाच वेळी संगमावर आले, तर पूर मोठा होतो. काही तासांचं अंतर पडलं, तर तोच पाऊस निभावून जातो.

फुगवटा आणि अलमट्टीचा वाद

शिरोळ-मिरजेकडं पूर हळू चढतो आणि त्याहून हळू उतरतो. याचं एक कारण फुगवटा. कृष्णा भरलेली असेल, तर पंचगंगेचं पाणी तिच्यात शिरायला जागा मिळत नाही आणि ते मागं तुंबतं. अशा वेळी तेवढंच पाणी वाहत असूनही पातळी जास्त दिसते. म्हणून नुसत्या पावसावरून किंवा नुसत्या विसर्गावरून इथला अंदाज करता येत नाही. खालच्या अंगाला काय चाललंय, तेही मॉडेलमध्ये घालावं लागतं.

अलमट्टीचा प्रश्न इथंच येतो. कर्नाटकातल्या या धरणाची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर आहे आणि ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याचा प्रस्ताव आहे. त्या पाण्याचा फुगवटा सांगली-कोल्हापूरपर्यंत येतो की नाही, यावर अनेक वर्षं वाद सुरू आहे. २०१९ च्या महापुरानंतर राज्य सरकारनं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या पुराला अलमट्टी कारणीभूत नसल्याचा निष्कर्ष तिनं काढला. पूरग्रस्त भागातल्या अनेकांना तो आजही पटलेला नाही.

असा वाद तपासायची मॉडेलची रीत सरळ आहे. तोच पाऊस, तीच नदी, पण एकदा धरणाची पातळी कमी धरायची आणि एकदा जास्त. दोन्ही वेळी सांगलीचा आकडा किती बदलतो ते बघायचं. उत्तरावर विश्वास ठेवायचा की नाही, हे त्यात वापरलेले नदीचे छेद, गाळाची मोजणी आणि मधल्या बंधाऱ्यांची माहिती किती ताजी आणि खरी आहे, यावर ठरतं. म्हणून अशा अहवालात निष्कर्षाइतकंच मोजणीच्या तारखांकडं लक्ष द्यायला हवं.

मॉडेल कुठं चुकतं?

मॉडेल वापरात आणण्याआधी त्याची परीक्षा घेतात. एका जुन्या पुराचे आकडे घालून खडबडीतपणासारखे आकडे जुळवतात. मग दुसऱ्या पुरावर ते चालवून प्रत्यक्ष खुणांशी ताडून बघतात. इथं पास झालं, तरी पुढच्या चुका राहतातच.

पावसाचा अंदाज चुकला, तर पुढचं सगळं चुकतं. चोवीस तासांच्या अंदाजापेक्षा पाच दिवसांच्या अंदाजात चूक जास्त असते, ती मुख्यतः यामुळे.

पातळीवरून विसर्ग काढण्याचा तक्ता असतो. नेहमीच्या पाण्यात नदीत उतरून किंवा पुलावरून वेग मोजता येतो. महापुरात ते अवघड आणि जीवघेणं असतं. त्यामुळं सर्वांत मोठ्या पुराचा विसर्ग अनेकदा तक्ता पुढं ताणून काढलेला असतो.

नदीही बदलत असते. एका महापुरात काठ ढासळतो, गाळ सरकतो, नवा भराव पडतो. पाच वर्षांपूर्वी मोजलेली नदी आजची असेलच, असं नाही.

म्हणून चांगला अंदाज ‘५२ फूट’ असा एकच आकडा देत नाही. ‘५१ ते ५३ फूट’ असा पट्टा देतो. कुटुंबाच्या दृष्टीनं त्या पट्ट्यातला वरचा आकडा धरून चालणं शहाणपणाचं. लवकर बाहेर पडलं तर दोन दिवसांची गैरसोय होते. उशीर झाला तर जिवाशी गाठ असते.

निळी रेषा, लाल रेषा

पूररेषाही अशाच गणितातून निघतात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. नदी ते निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल रेषेदरम्यान नियंत्रित क्षेत्र.

‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणजे आज आला की पुढची शंभर वर्षं सुट्टी, असा अर्थ नाही. कोणत्याही वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक, एवढाच अर्थ. तीस वर्षांच्या काळात असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता साधारण २६ टक्के होते. निळ्या रेषेच्या पुराची हीच शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास जाते. घराचं कर्ज वीस-तीस वर्षं चालतं. प्लॉट घेताना हा हिशेब जमेस धरावा.

अंदाज कुठं बघायचा?

- फ्लडवॉच इंडिया: केंद्रीय जल आयोगाचं मोफत ॲप, ऑगस्ट २०२३ पासून. नदीची सध्याची पातळी, चोवीस तासांपर्यंतचा अंदाज आणि सात दिवसांची सूचना यात मिळते.
- राज्याचा जलसंपदा विभाग: कृष्णा आणि भीमा खोऱ्यात पाऊस व पातळी मोजणारी स्वयंचलित केंद्रं आहेत. त्यांच्या आकड्यांवर पूर आणि धरण विसर्गाचा अंदाज बांधणारी यंत्रणा डेन्मार्कच्या डीएचआय संस्थेच्या माइक ११ या सॉफ्टवेअरवर उभी केलेली आहे.
- गुगल फ्लड हब: भारतात २०१८ मध्ये पाटण्यापासून सुरुवात. जुन्या नोंदींवरून शिकणारं, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारं मॉडेल. सात दिवसांपर्यंतचा अंदाज देतं.
- सचेत: राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं इशारा देणारं ॲप.
- १०७७: जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा टोल फ्री क्रमांक. जीव धोक्यात असेल तर ११२.

मॉडेल शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी अमेरिकेच्या लष्करी अभियंता दलाचं हेक-रास हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. जगभरात पूरनकाशांसाठी ते वापरलं जातं.

व्हॉट्सॲपवर आलेला आकडा वाचताना एक गोष्ट तपासा. ‘५५.७ फूट’ आणि ‘५५ फूट ७ इंच’ हे एक नव्हे. फुटाला १२ इंच असतात, त्यामुळं ५५.७ फूट म्हणजे ५५ फूट ८ इंचांहून थोडं जास्त. अर्धा फूट म्हणजे ५५.५, पण तेच ५५ फूट ६ इंच. अनेक मेसेजमध्ये दोन्ही सरमिसळ होतात. शिवाय वेळ आणि तारीख नसलेला आकडा पुढं पाठवू नये. कालचा आकडा आजच्या पुरात घात करतो.

‘आपल्या दाराचा फूट’ कसा काढायचा?

नृसिंहवाडीत दत्तमंदिराच्या उत्तरेकडून आलेलं पाणी पादुकांवरून दक्षिणद्वारातून बाहेर पडलं की काठावरच्या लोकांना नदी किती चढली ते बरोबर कळतं. प्रत्येक गावानं अशी आपली मोजपट्टी तयार करावी. खर्च शून्य, लागतो तो टेप, वही आणि एक दुपार.

१. आपलं केंद्र ठरवा. प्रयाग चिखली, आंबेवाडीसारख्या गावांनी राजाराम बघावं. सांगली-मिरजेच्या कृष्णाकाठानं आयर्विन. शिरोळच्या गावांनी दोन्ही बघावीत, कारण राजारामला पाणी उतरू लागलं तरी तिकडं चढतच असतं.

२. खुणा मोजा. २००५, २०१९, २०२१ च्या खुणा उंबऱ्यापासून किती उंच आहेत ते टेपनं मोजून लिहा. त्या त्या पुरात केंद्रावर सर्वांत जास्त किती फूट होते, ते शेजारी लिहा.

३. चढत्या पाण्याची नोंद ठेवा. यंदा पाणी गावाजवळ आलं की ते ओढ्याच्या पुलाला, स्मशानभूमीला, शाळेच्या पायरीला लागलं ती वेळ आणि त्या वेळचा केंद्राचा आकडा लिहा. दोन-तीन पुरांत गावाचा स्वतःचा तक्ता तयार होतो.

४. रस्त्याचा फूट सर्वांत आधी काढा. समजा घरात पाणी राजारामच्या ५० फुटांना येतं, पण गावाचा रस्ता ४६ फुटांनाच बंद होतो. मग तुमची धोका पातळी ५० नाही, ४६ आहे. त्याच्याही आधी म्हातारी माणसं, लेकरं, आजारी आणि गरोदर बायका बाहेर पडायला हव्यात.

५. जनावरांसाठी वेगळा आकडा ठेवा. गुरं हलवायला टेम्पो लागतो, वैरण लागते, दिवस लागतो. रस्ता बंद होण्याच्या किमान एक दिवस आधीचा आकडा त्यांच्यासाठी धरा. गोठ्यामुळं मागं राहिलेला माणूस पुढं बोटीची वाट बघत बसतो.

६. फुगवटा ध्यानात ठेवा. कृष्णा आधीच भरलेली असेल, तर नेहमीच्या आकड्याआधीच पाणी गावात येऊ शकतं. अशा वेळी आपला आकडा एक-दोन फुटांनी खाली धरा.

या तक्त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत लावावी आणि एक तलाठी व तालुक्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडं द्यावी. पूर ओसरल्यावर पंचनाम्याच्या वेळी पाण्याची खूण किती उंचीवर होती, हे लिहून घेण्याचा आग्रह धरावा. मॉडेल पुढच्या वेळी सुधारायचं, तर अभियंत्यांना अशाच खुणा लागतात. पाणी नेमकं कोणत्या गल्लीत, किती वाजता, किती उंच होतं, हे उपग्रहाला दिसत नाही. भिंत रंगवली की ती माहितीही पुसली जाते. म्हणून रंग देण्याआधी खुणेवर एक खिळा ठोकावा आणि शेजारी तारीख लिहावी.